न भुंकलेला कुत्रा आणि न उच्चारलेलं वाक्य



शेरलॉक होम्सचं सगळ्यांत प्रसिद्ध वाक्य कोणतं, असं कोणालाही विचारा. ज्याने होम्सची एकही गोष्ट वाचलेली नाही तोसुद्धा ‘एलिमेंटरी’ने सुरू होणारं आणि वॉटसनच्या नावाने संपणारं ते चार शब्दांचं वाक्य सांगेल. आर्थर कॉनन डॉयल यांनी होम्सच्या चार कादंबऱ्या आणि छप्पन्न कथा लिहिल्या. या साठांपैकी एकाही ठिकाणी होम्स ते वाक्य बोलत नाही.

वाक्याचे सुटे भाग मात्र सापडतात. १८९३ सालच्या ‘द क्रुकेड मॅन’ या कथेत होम्स वॉटसनला ‘माय डिअर’ म्हणतो, आणि थोड्या ओळींनंतर ‘एलिमेंटरी’ हा शब्दही एकटाच येऊन जातो. दोघांची गाठ लेखकाने बांधली नाही, ती इतरांनी बांधली. पी. जी. वुडहाउस यांच्या १९१५ साली पुस्तकरूपाने आलेल्या ‘स्मिथ, जर्नलिस्ट’मध्ये (हा स्मिथ आपल्या आडनावाच्या आधी एक मुका ‘पी’ लावून हिंडतो) ते वाक्य थट्टेच्या सुरात जोडून येतं. पुढे १९२९ साली होम्स पहिल्यांदा बोलपटात बोलू लागला, आणि त्या बोलपटाने ते त्याच्या तोंडी घालून टाकलं. तेव्हापासून ते त्याचं झालं. दत्तक मूल घरच्यांपेक्षा घरच्यासारखं दिसावं, तसं.

टोपीचंही तेच. दोन बाजूंना कानपट्ट्या असलेली ती शिकारी टोपी मूळ मजकुरात नावानिशी कुठे नाही. चित्रकार सिडनी पॅजेट यांनी १८९१ साली ‘स्ट्रँड’ मासिकातल्या एका कथेसाठी ती होम्सच्या डोक्यावर चढवली, आणि ती पुन्हा उतरली नाही. होम्स अर्धा डॉयल यांचा आहे आणि अर्धा लोकांचा, असं म्हटलं तर फारसं चुकणार नाही.

न उच्चारलेल्या वाक्यांच्या यादीत दुसरा मान बटलरचा. खून बटलरनेच केला, हे विधान इंग्रजी रहस्यकथेची टिंगल करताना हमखास येतं, आणि त्याचं पितृत्व अमेरिकी लेखिका मेरी रॉबर्ट्स राइनहार्ट यांच्याकडे दिलं जातं. त्यांच्या मुलांनी नुकतीच प्रकाशनसंस्था थाटली होती. तिला हात द्यायला आईने एक कादंबरी दिली, १९३० सालची ‘द डोअर’. तिच्यात गुन्हेगार खरोखरच बटलर निघतो, पण ते वाक्य मात्र पुस्तकात नाही. गंमत अशी की, ‘द डोअर’च्या दोन वर्षं आधीच एस. एस. व्हॅन डाइन या लेखकाने रहस्यकथेचे वीस नियम छापले होते आणि नोकरमाणसाला गुन्हेगार ठरवायचं नाही, असं त्यांत बजावलं होतं. म्हणजे घरगड्यावर आळ घेणं हा तेव्हाही लेखकाचा कामचुकारपणा समजला जात होता. राइनहार्टबाईंच्या वाट्याला मात्र पुढे वेगळंच आलं. १९४७ साली त्यांच्या उन्हाळी घरात, वर्षानुवर्षं पदरी असलेल्या स्वयंपाक्याने त्यांच्यावर पिस्तूल रोखलं. ते उडालं नाही, म्हणून त्या वाचल्या. एखाद्या संपादकाने हे कथानक ‘पटत नाही’ म्हणून साभार परत केलं असतं.

इथे एक गोष्ट मान्य करायला हवी. रहस्यकथेतली वाक्यं जशी लक्षात राहतात, तशी ती बोलली गेलेली नसतात. आणि जी खरोखर बोलली गेली, ती आपण कथेतून उपटून काढतो तेव्हा मुळं कथेतच राहून जातात. कादंबरीतलं किंवा नाटकातलं सुभाषित उचलून वहीत लिहिलं तर फारसं बिघडत नाही. रहस्यकथेत बिघडतं, कारण तिथे प्रत्येक वाक्य कामाला जुंपलेलं असतं. ते कोण बोललं, कोणाला उद्देशून बोललं, आणि बोलणारा त्या क्षणी काय लपवत होता, हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय त्या वाक्याची किंमत कळत नाही. आज अशाच काही वाक्यांना त्यांच्या मूळ घरी परत नेऊन पाहायचं आहे. ती वाक्यं उद्धृत न करता, त्यांच्या आसपास फिरून. ओघात काही कथांची रहस्यं फुटतील. शंभर वर्षांपूर्वीच्या रहस्यांना एवढी सूट द्यावी.

सुरुवात कुत्र्यापासून करू. ‘सिल्व्हर ब्लेझ’ ही कथा डिसेंबर १८९२ मध्ये ‘स्ट्रँड’मध्ये आली. डार्टमूरच्या माळरानावरच्या तबेल्यातून शर्यतीचा नावाजलेला घोडा नाहीसा होतो आणि त्याचा प्रशिक्षक जॉन स्ट्रेकर मरून पडलेला सापडतो. रात्री कुत्र्याच्या बाबतीत घडलेल्या विलक्षण गोष्टीकडे होम्स इन्स्पेक्टर ग्रेगरीचं लक्ष वेधतो. कुत्र्याने तर काहीच केलं नाही, असं ग्रेगरी म्हणतो. तेच विलक्षण आहे, हे होम्सचं उत्तर. रात्री तबेल्यात कोणी आलं, घोडा बाहेर काढून नेला, आणि माडीवर झोपलेल्या दोन पोरांना जाग येईल एवढंही कुत्रं भुंकलं नाही. म्हणजे येणारा त्याच्या रोजच्या ओळखीचा होता.

या संवादाने पुढे जे आयुष्य काढलं ते थक्क करणारं आहे. १९८० साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती रेनक्विस्ट यांनी आपल्या भिन्नमतपत्रात हाच कुत्रा उभा केला. कायद्यात एवढा मोठा बदल खरोखरच करायचा असता तर संसदेत कोणीतरी त्याबद्दल अवाक्षर काढलं असतं, राखणीचा कुत्रा रात्री भुंकला असता, असा त्यांचा युक्तिवाद होता. मार्क हॅडन यांनी २००३ साली एका मुलाच्या नजरेतून लिहिलेल्या आपल्या कादंबरीला याच संवादातून नाव दिलं. भुंकणारा कुत्रा चावत नाही, एवढं आपल्या म्हणीने सांगून ठेवलं आहे. न भुंकणाऱ्या कुत्र्याचं काय करायचं, हे डॉयल यांनी सांगितलं.

पण त्याच कथेत याहून सुरेख असा दुसरा दुवा आहे आणि त्याची आठवण फारशी कोणी काढत नाही. त्या रात्री पहाऱ्यावरच्या पोराला जेवणातून अफू दिलेली असते. जेवणाला काय होतं? मटणाची करी. पदार्थात मिसळलेली अफू चवीला लागते, आणि मसालेदार रश्शाखेरीज दुसऱ्या कशात ती लपली नसती. ज्याच्यावर पोलिसांचा संशय आहे तो बाहेरचा माणूस नेमका त्याच रात्री त्या घरात करी शिजेल अशी व्यवस्था कशी करणार? तेव्हा संशयाची सुई घरातल्या माणसांकडे वळते. एका इंग्रज लेखकाने मसाल्याचा वास हा पुरावा म्हणून वापरावा, हे आपल्याकडच्या वाचकाला विशेष रुचायला हवं. तिखटाखाली काय काय खपतं, हे इथल्या खानावळींत जेवलेल्या कोणालाही सांगावं लागत नाही.

मग कुत्रा अजरामर झाला आणि करी का विसरली गेली? एक कारण साधं आहे: कुत्र्याचा दुवा संवादात आला आणि करीचा स्पष्टीकरणात. कुत्र्याच्या वेळी ग्रेगरी मध्ये बोलतो, फसतो, आणि त्याच्या फसण्यावर होम्सचं उत्तर उभं राहतं. करीच्या वेळी होम्स एकटाच बोलत राहतो. लक्षात राहणाऱ्या वाक्याला समोर एक न समजलेला माणूस लागतो. रोनाल्ड नॉक्स या धर्मगुरू-लेखकाने १९२९ साली रहस्यकथेच्या दहा आज्ञा लिहिल्या, त्यांतल्या एका आज्ञेनुसार वॉटसनची बुद्धी सर्वसाधारण वाचकापेक्षा किंचित, अगदी किंचित, कमी असावी. किंचित या शब्दातच सगळं कसब आहे. वॉटसन ठार मूर्ख असता तर त्याच्याशी बोललेलं वाक्य फुकट गेलं असतं.

(‘सिल्व्हर ब्लेझ’मधली घोड्यांच्या शर्यतीची माहिती सपशेल चुकलेली आहे, हे डॉयल यांनी पुढे आत्मचरित्रात हसत कबूल केलं. त्यातली निम्मी पात्रं खऱ्या जगात तुरुंगात गेली असती, अशा अर्थाचं काहीतरी. कथेचं त्यामुळे काहीही अडलं नाही.)

आता जी. के. चेस्टरटन यांच्याकडे वळू. गुन्हेगार हा निर्मिती करणारा कलावंत आणि गुप्तहेर हा नुसता टीकाकार, अशा आशयाचं वाक्य सुभाषितांच्या संग्रहांत चेस्टरटन यांच्या नावावर छापलं जातं. ते आहे १९१० सालच्या ‘द ब्लू क्रॉस’ या फादर ब्राऊनच्या पहिल्याच कथेतलं. पण तिथे तो विचार पॅरिस पोलिसांचा प्रमुख व्हॅलेंटिन याच्या मनात येतो. वाचकाला वाटतं, मालिकेचा नायक हाच. हुशार, तर्कनिष्ठ, नावाजलेला. बाजूला छत्री सांभाळत, पुडकी पाडत चाललेला गोलमटोल पाद्री म्हणजे विनोदी पात्र. लगेचच्या ‘द सीक्रेट गार्डन’ या दुसऱ्या कथेत एक खून होतो, आणि खुनी निघतो तो हाच व्हॅलेंटिन. म्हणजे टीकाकाराच्या खुर्चीत बसून कलावंताचा हेवा करणारा माणूस अखेर स्वतःच ‘निर्मिती’ करायला उतरला. पहिल्या कथेतलं चमकदार वाक्य हा दुसऱ्या कथेचा पुरावा होता. सुभाषित म्हणून ते भिंतीवर लावणाऱ्याने एका खुन्याचं मन फ्रेम करून लावलेलं असतं.

चेस्टरटन यांचंच आणखी एक उदाहरण, आणि ते जास्त भयानक आहे. शहाणा माणूस पान कुठे लपवतो? रानात. फादर ब्राऊनचं हे प्रश्नोत्तर ‘द साइन ऑफ द ब्रोकन स्वोर्ड’ या १९११ च्या कथेतलं. गुप्त गोष्ट गर्दीत लपवावी, असा त्याचा अर्थ लावून व्यवस्थापनाच्या भाषणांपर्यंत ते पोचलं आहे. पण फादर ब्राऊन तिथे थांबत नाही. रान नसेल तर तो माणूस काय करेल, असं तो विचारतो. तो रान लावेल. आणि लपवायचं ते पान नसून प्रेत असेल तर? एका नामांकित सेनापतीने एक खून केला आहे. ते प्रेत लपावं म्हणून तो आपल्या शिपायांना हरणार हे ठाऊक असलेल्या लढाईत लोटतो, म्हणजे रणांगणावर इतकी प्रेतं पडतील की त्यांत एक दिसून येणार नाही. पहिलं अर्धं वाक्य चतुर आहे. दुसऱ्या अर्ध्यात अंगावर काटा आहे. लोकांनी पहिलंच उचललं, हे समजण्यासारखं असलं तरी त्यात कथा हरवली ती हरवलीच.

फादर ब्राऊनला हे सगळं सुचतं कसं? १९२७ सालच्या एका संग्रहात तो आपलं गुपित सांगतो: ते सगळे खून मीच केले. म्हणजे प्रत्येक गुन्हेगाराच्या आत शिरून, त्याच्यासारखा विचार करत, आपण हे कसं आणि का केलं असतं हे कळेपर्यंत तो तिथे बसून राहतो. कबुलीजबाब ऐकण्यात आयुष्य गेलेल्या पाद्र्याला पाप पुस्तकातून शिकावं लागत नाही. चोराच्या वाटा चोरालाच ठाऊक, असं मराठी म्हणते. चेस्टरटन त्यात पाद्र्याचीही भर घालतात.

एर्क्यूल प्वारोचं काम वेगळंच. ॲगाथा ख्रिस्ती यांनी हा बेल्जियन निर्वासित पहिल्या महायुद्धाच्या धामधुमीत लिहिला आणि तो १९२० साली ‘द मिस्टीरियस अफेअर ॲट स्टाइल्स’मधून बाहेर आला. त्याच्या त्या चिमुकल्या करड्या पेशींचा उल्लेख प्रत्येक वाचकाला पाठ असतो. खरं तर ते वाक्य नाहीच, ते पालुपद आहे. कपाळावर बोट टेकवायचं, पेशींचं नाव घ्यायचं, मिशी सारखी करायची. मोडकं इंग्रजी, मध्येच फ्रेंच, आणि स्वतःची अखंड स्तुती. हे सगळं कशासाठी? ‘थ्री ॲक्ट ट्रॅजेडी’ या १९३०च्या दशकातल्या कादंबरीत प्वारो स्वतःच उलगडून सांगतो. त्याला नीट इंग्रजी येतं. पण मोडकं बोलणाऱ्या परक्याला इंग्रज माणूस मोजत नाही, त्याच्यासमोर सावध राहत नाही, आणि बोलू नये ते बोलून बसतो. म्हणजे ज्या लकबींसाठी वाचक त्याच्यावर प्रेम करतो, त्या लकबी हे त्याचं जाळं आहे आणि त्यात वाचकही सापडलेला असतो.

ख्रिस्तीबाईंना मात्र प्वारोचा लवकरच कंटाळा आला होता. त्यांनी तो राग एका पात्राकरवी काढला. त्यांच्या कादंबऱ्यांत येणारी ॲरिॲडनी ऑलिव्हर ही लेखिका एका फिनिश गुप्तहेरावर पुस्तकं लिहिते, फिनलंडची तिला काडीचीही माहिती नसते, आणि तो फिन तिला आता नकोसा झालेला असतो. पण लोकांनी सोडलं तर ना! प्वारो ‘कर्टन’मध्ये वारला तेव्हा ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने ६ ऑगस्ट १९७५ रोजी पहिल्या पानावर त्याचा मृत्युलेख छापला. कल्पित माणसाला असा मान क्वचितच मिळाला असेल.

ख्रिस्तीबाईंच्याच मिस मार्पलला सुभाषितं लागत नाहीत. सेंट मेरी मीड या खेड्यात लोकरीचं विणकाम करत बसलेली ही म्हातारी, खुनाची हकीकत ऐकली की म्हणते की हे आपल्या गावातल्या त्या मासळीवाल्याच्या पोरासारखंच झालं, किंवा त्या मोलकरणीसारखं. माणूस सगळीकडे सारखाच, हा तिचा एकमेव सिद्धांत. शितावरून भाताची परीक्षा करणाऱ्या या बाईला मोठमोठे पोलिस अधिकारी आधी हसतात. तिची बुद्धिमत्ता म्हणजे गावगप्पांची स्मरणशक्ती आहे, आणि गावगप्पांना इतकी प्रतिष्ठा दुसऱ्या कोणत्याही वाङ्मयप्रकाराने दिलेली नसेल.

मराठीत या परंपरेचं काय झालं? बाबूराव अर्नाळकर यांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. त्यांचे धनंजय आणि छोटू, झुंजार, काळा पहाड ही नावं एका पिढीच्या तोंडी होती. भाड्याने पुस्तकं देणाऱ्या वाचनालयांचा संसार त्यांच्यावर चालला. पण त्यांच्या वाचकाला विचारलं तर त्याला नावं आठवतात, मुखपृष्ठं आठवतात, रात्र जागून वाचल्याचं आठवतं. वाक्य एकही आठवत नाही. हा दोष मानायचं कारण नाही. अर्नाळकर वेगाचे लेखक होते, आणि वेगात वाक्य मागे वळून बघत नाही. वाक्यं लोकांच्या तोंडी बसली ती फार पुढे, दूरचित्रवाणीवरच्या ‘सीआयडी’ मालिकेतून: शिवाजी साटम यांच्या प्रद्युम्नने बोटं फिरवत व्यक्त केलेला संशय, आणि दयाला दार तोडायचा हुकूम. तेही हिंदीत. होम्सच्या त्या चार शब्दांसारखंच त्यांचंही झालं. मालिका न पाहिलेली पोरंही ती वाक्यं बोलतात.

आता पुन्हा डॉयल यांच्याकडे. होम्सच्या दोन वचनांची परीक्षा खुद्द डॉयल यांच्या आयुष्यात झाली. एकात ते उत्तम गुणांनी पास झाले, दुसऱ्यात साफ नापास.

पहिलं वचन पाहण्याबद्दलचं. ‘अ स्कँडल इन बोहेमिया’ ही कथा जुलै १८९१ ची. होम्स वॉटसनला विचारतो, आपल्या घराचा जिना तू शेकडो वेळा चढला आहेस, पायऱ्या किती? वॉटसनला सांगता येत नाही. सतरा, होम्स सांगतो. तुला नुसतं दिसतं, तू निरीक्षण करत नाहीस. (या सभागृहाच्या पायऱ्या किती, हे आत्ता मनात मोजू पाहणाऱ्यांनी बाहेर जाताना खात्री करून घ्यावी.) ही कथा लिहिणारा माणूस त्या दिवसांत काय करत होता? व्हिएन्नाला जाऊन डोळ्यांच्या आजारांचं शिक्षण घेऊन आला होता आणि लंडनमध्ये नेत्रतज्ज्ञ म्हणून खोली मांडून बसला होता. रोगी येत नव्हते. त्या रिकाम्या वेळात त्याने होम्सच्या कथा लिहिल्या. तेव्हा दिसणं आणि पाहणं यांतला फरक हा त्याच्यासाठी नुसता शब्दखेळ नव्हता, तो त्याचा धंदा होता. न चालणारा का होईना.

पंधरा वर्षांनी तोच धंदा कामी आला. मुंबईत जन्मलेले शापूरजी एदलजी हे पारशी गृहस्थ ख्रिस्ती झाले आणि इंग्लंडमध्ये स्टॅफर्डशरमधल्या ग्रेट वर्ली या गावचे पाद्री झाले. त्यांचा मुलगा जॉर्ज बर्मिंगहॅममध्ये वकिली करत असे. १९०३ साली गावाच्या परिसरात रात्री घोड्यांना, गुरांना कोणीतरी भोसकू लागलं. निनावी पत्रंही येत होती. पोलिसांनी जॉर्जला धरलं. तो रात्री वडिलांच्या खोलीतच झोपत असे, हे ध्यानात न घेता त्याला सात वर्षांची सक्तमजुरी झाली. तीन वर्षांनी त्याला सोडलं, पण माफी न देता आणि कारण न सांगता. वकिली गेली ती गेलीच.

डॉयल त्याला भेटायला लंडनच्या चेअरिंग क्रॉसजवळच्या हॉटेलात गेले. पोचायला उशीर झाला होता. जॉर्ज दालनात वर्तमानपत्र वाचत बसलेला दुरून दिसला. कागद त्याने डोळ्यांच्या अगदी जवळ, जरा तिरका धरला होता. डोळ्यांच्या डॉक्टरला एवढं पुरे होतं. इतकी अधू नजर असलेला माणूस अंधाऱ्या रात्री, पावसात, रूळ ओलांडून, शेतांतून अर्धा मैल जाऊन एखाद्या जनावराला शोधून भोसकेल? जानेवारी १९०७ मध्ये ‘डेली टेलिग्राफ’मध्ये त्यांनी सगळं प्रकरण मांडलं. मे महिन्यात जनावरांच्या आरोपातून जॉर्जला माफी मिळाली, पुढे वकिलीची सनदही परत मिळाली. नुकसानभरपाई मात्र नाही, कारण पत्रांचा ठपका सरकारने ठेवलाच. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये फौजदारी अपील न्यायालय स्थापणारा कायदा झाला, त्यामागच्या दबावात या प्रकरणाचा वाटा होता. एका मुंबईकर पारशाच्या मुलाच्या वर्तमानपत्र धरण्याच्या पद्धतीतून हे घडलं. (खरा गुन्हेगार कोण, हेही डॉयल यांनी पुढे बोट दाखवून सांगितलं, ते मात्र कधी सिद्ध झालं नाही.)

दुसरं वचन अधिक प्रसिद्ध आहे. अशक्य ते सगळं बाजूला काढलं की उरेल ते कितीही असंभाव्य वाटलं तरी सत्य मानावं, हे होम्सचं सूत्र किमान चार ठिकाणी येतं. डॉयल यांचंच ते म्हणावं तर पंचाईत. एडगर ॲलन पो यांचा गुप्तहेर द्यूपां १८४१ मध्येच अशक्य भासणाऱ्या गोष्टी खरोखर अशक्य आहेत का, हे तपासत बसला होता, आणि होम्सने पहिल्याच कादंबरीत त्या द्यूपांला कमी लेखून ऋण फेडलं. असो.

‘द साइन ऑफ फोर’मध्ये हे सूत्र चोख चालतं. खोली आतून बंद, आत प्रेत. खुनी आला कुठून? दारातून नाही, खिडकीतून नाही, धुराड्यातून माणूस मावत नाही, आत लपायला जागा नाही. उरलं छप्पर, आणि छपराला भोक आहेच. चार भिंतींच्या खोलीला आत येण्याच्या वाटा मोजक्या असतात. त्यांची यादी पूर्ण करता येते, म्हणून वजाबाकी करता येते. पण खोलीबाहेर? तिथे यादी कोण पुरी करणार? आपल्याला न सुचलेली शक्यता आपण खोडलेल्यांत धरली जात नाही आणि उरलेल्यांतही धरली जात नाही. शाळेच्या गणितात चालतं ते बाजारात चालत नाही, त्यातलाच हा प्रकार.

१९१७ साली यॉर्कशरमधल्या कॉटिंग्ली गावात एल्सी राइट आणि फ्रान्सिस ग्रिफिथ्स या सोळा आणि नऊ वर्षांच्या दोघी मावसबहिणींनी ओढ्याकाठी छायाचित्रं काढली. त्यांत फ्रान्सिससमोर इवल्याशा पंखांच्या पऱ्या नाचत होत्या. थिऑसॉफिस्ट मंडळींमार्फत ती छायाचित्रं डॉयल यांच्यापर्यंत आली. महायुद्ध संपलं होतं, मुलगा गेला होता, परलोकविद्येवर त्यांची श्रद्धा पक्की झाली होती. तरी त्यांनी चौकशी केली, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. एका जाणकाराने पाहून सांगितलं की काचेवर दुहेरी प्रतिमा टिपलेली नाही. कोडॅकने खरेपणाचा दाखला द्यायला नकार दिला, पण बनावट कशी केली तेही सांगितलं नाही. कामगाराच्या घरच्या पोरी एवढी तांत्रिक लबाडी करतील कुठून? ते अशक्य. दुहेरी प्रतिमा, तेही नाही. मग उरलं काय? पऱ्या. ‘स्ट्रँड’च्या डिसेंबर १९२० च्या अंकात, ज्या मासिकाने होम्सला मोठं केलं त्याच मासिकात, डॉयल यांनी त्या जगापुढे ठेवल्या, आणि १९२२ मध्ये त्यांवर आख्खं पुस्तक लिहिलं. एका छायाचित्रात परीकथेतला एक बुटकाही होता आणि त्याच्या पोटावर एक ठिपका होता. तो डॉयल यांच्या नजरेतून सुटला नाही. त्यांनी त्याला बेंबी ठरवलं.

१९२६ साली ‘द ब्लांच्ड सोल्जर’ ही कथा आली. होम्स स्वतः निवेदन करतो अशा मोजक्या कथांपैकी ही एक. तिच्यात ते जुनं सूत्र पुन्हा येतं, पण या वेळी त्याला शेपूट आहे: वजाबाकीनंतर एकाहून अधिक स्पष्टीकरणं उरू शकतात, आणि तेव्हा एकेक पारखून पाहावं लागतं. ही दुरुस्ती होम्सला छत्तीस वर्षांनी सुचली. सुभाषितांच्या संग्रहांत मात्र अजून पहिलीच आवृत्ती चालते.

कॉटिंग्लीच्या त्या दोघींनी १९८३ साली, म्हातारपणी, कबुली दिली. पऱ्या कागदाच्या होत्या. एल्सीने त्या चितारल्या, कापल्या आणि टोपीला लावायच्या पिनांनी गवतात उभ्या केल्या. बुटक्याच्या पोटावरची बेंबी म्हणजे त्या पिनेचं टोक. नाचणाऱ्या पऱ्यांची ठेवण एल्सीने ‘प्रिन्सेस मेरीज गिफ्ट बुक’ या १९१४ सालच्या मुलांच्या पुस्तकातल्या चित्रावरून उचलली होती. महायुद्धात मदतनिधीसाठी नामवंत लेखकांचं लेखन गोळा करून काढलेलं ते पुस्तक. घराघरांत होतं. त्यात आर्थर कॉनन डॉयल यांचीही एक कथा होती.